पटासाठी एक, नाटकासाठी दुसरी

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीच्या आसपास मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात. लाखांदूर तालुक्याचा हा भाग झाडीपट्टीतला. दिवसा मंडईची गर्दी, कुठे शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री उशिरा पडदा वर गेला की पहाटेपर्यंत नाटक. हे सगळे एका फेरीत टिपायला निघालेल्याने कॅमेऱ्यावर 18-200 किंवा 18-300 मिमीची झूम लेन्सच लावावी.

जाणकार तिला नाक मुरडतात. कडा मऊ येतात, सरळ भिंती किंचित वाकतात, असा त्यांचा आक्षेप असतो आणि तो खराही आहे. पल्ला वाढवायचा तर काचांच्या रचनेत तडजोड करावीच लागते. 35 मिमी फिल्मच्या छायाचित्र कॅमेऱ्यासाठी 1959 मध्ये आलेली पहिली झूम लेन्स, फोक्टलेंडरची झूमार, 36 ते 82 मिमीची होती. म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. टॅमरॉनने 2017 मध्ये आणलेली 18-400 मिमी लेन्स बावीस पटींची आहे. एवढ्या मजलेची थोडी किंमत मोजावीच लागणार. पण वाकलेली रेघ संगणकावर सरळ करता येते, हुकलेला क्षण मात्र परत आणता येत नाही.

शंकरपटातच पाहा. बैलजोडी पटाच्या दूरच्या टोकाला असते तेव्हा 300 मिमीही कमी वाटते. काही सेकंदांत तीच जोडी धुरळा उडवत समोर येते आणि 50 मिमीतसुद्धा मावत नाही. लेन्स बदलेपर्यंत पट संपतो. वर उघड्या कॅमेऱ्यात धूळ शिरते, सेन्सरवर बसते आणि पुढच्या प्रत्येक आभाळात तोच काळा ठिपका उमटतो. झूम असली की दोरीच्या आत घुसायची गरज पडत नाही. बैलांच्या आणि माणसांच्या जिवासाठी हे फार मोलाचे.

मालगुजारी तलावांवरही तेच. जवळ डोंग्यातला मासेमार ढिवर, पल्याड पाणपक्ष्यांचा थवा, पाळीखाली धानाच्या बांध्या. तिन्ही चित्रे एकाच जागेवरून मिळतात.

रात्री मात्र हीच लेन्स हात टेकते, आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे लपवू नये. लांब टोकाला तिचे अॅपर्चर एफ/6.3 पर्यंत आक्रसते. एफ/1.8 ची साधी लेन्स त्याच्या सुमारे बारा पट प्रकाश आत घेते. मंचावरच्या उजेडात झूमला शटर 1/15 सेकंद उघडे ठेवावे लागले, तर या साध्या लेन्सला 1/180 पुरते. लेन्समधले स्थिरीकरण छायाचित्रकाराच्या हाताचा कंप सावरते, नटाचा फिरलेला हात नाही. आयएसओ वाढवावा, तर चेहऱ्यांवर रवाळपणा चढतो.

म्हणून दुसरी एकच लेन्स सोबत हवी : 35 किंवा 50 मिमी, एफ/1.8. कॅननची 50 मिमी एसटीएम जेमतेम 160 ग्रॅमची आहे, खिशात मावते. तीन-चार लेन्सांची जड पिशवी मंडईच्या गर्दीत पाठ मोडते आणि लक्षही खाते.

दिवे लागले की कुणाच्या ओसरीवर बसून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून, लेन्स एकदाच बदलावी. नाटकाला तेव्हा बराच अवकाश असतो. मंचामागे कलावंत दिव्याखाली आरसा धरून चेहरे रंगवत असतात. त्यांना विचारून पहिला फोटो तिथेच काढावा.