ग्राहकाच्या घराची चावी तुमच्या मोबाइलमध्ये आहे!



'स्मार्ट होम' व्यवसायावरचा व्हिडिओ टाकल्यापासून बहुतेकांचा प्रश्न एकच आहे, "सर, माल कुठून उचलायचा आणि मार्जिन किती सुटतं?" प्रश्न रास्त आहे. धंदा करायचा तर मार्जिन बघावंच लागतं. पण आपण बसवलेल्या यंत्रातून कस्टमरच्या घरात कोण डोकावू शकतं, हे मला अजून एकानेही विचारलेलं नाही. म्हणून आज त्यावरच बोलतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इंटरनेटला जोडलेलं यंत्र बसवणारा माणूस म्हणजे घराची चावी हातात असलेला माणूस. ज्याला ती चावी सांभाळायची नाही, त्याने या धंद्यात पडू नये. आणि जो नीट सांभाळतो, त्याने त्या कामाचे पैसे खुशाल घ्यावेत.

हे समजायला जरा थंड देशांत जाऊ, कारण घरातलं मोठं यंत्र इंटरनेटला जोडण्याचे फायदे-तोटे तिथल्या लोकांनी आपल्या आधी अनुभवलेत. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात घर गरम ठेवणं ही चैन नसते, गरज असते. खाली कुठेतरी बॉयलर किंवा भट्टी असते आणि तापमान किती ठेवायचं ते भिंतीवरचा थर्मोस्टॅट ठरवतो. तो वायफायला जोडला की ऑफिसातून निघतानाच मोबाइलवरून घर गरम करून ठेवता येतं. उत्तम सोय. २०१४ मध्ये गूगलने असे थर्मोस्टॅट बनवणारी नेस्ट ही कंपनी ३२० कोटी डॉलरला विकत घेतली. बाजार केवढा आहे, याचा अंदाज घ्या.

आता दुसरी बाजू बघा.

नोव्हेंबर २०१६. फिनलंडमधल्या लापेनरांता शहरात दोन इमारतींचं हीटिंग बंद पडलं. बॉयलरला काही झालं नव्हतं. इंटरनेटवरून खोट्या विनंत्यांचा एवढा भडिमार झाला, की हीटिंग सांभाळणारा कंट्रोलर पुन्हा पुन्हा रीस्टार्टच होत राहिला. जानेवारी २०२४ मध्ये तर युक्रेनच्या ल्विव्ह शहरात, ऐन युद्धात, सायबर हल्ल्याने ६०० पेक्षा जास्त इमारतींचं हीटिंग जवळजवळ दोन दिवस बंद होतं. बाहेर तापमान शून्याच्या खाली!

प्रत्येक वेळी हल्लाच व्हायला हवा असंही नाही. जानेवारी २०१६ मध्ये नेस्टच्याच सॉफ्टवेअर अपडेटमध्ये चूक राहिली, थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या उतरल्या आणि कित्येक घरं ऐन थंडीत गार पडली.

हा झाला सुरक्षेचा भाग. प्रायव्हसीचा भाग याहून नाजूक आहे. तुम्ही किती वाजता उठता, घर कधी रिकामं असतं, गावाला किती दिवस गेलात, हे सगळं थर्मोस्टॅटला कळतं. शेजाऱ्यालाही आपण एवढं सांगत नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या काही स्त्रियांचे अनुभव छापले होते. वेगळे झालेले जोडीदार दूर बसून त्यांच्या घराचं तापमान, दिवे, कुलपं बदलत होते. कुणीही हॅकिंग केलं नव्हतं. यंत्र त्या माणसाने बसवलं होतं आणि अकाउंट त्याच्याच हातात राहिलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या, म्हणजे छोट्या व्यावसायिकाच्या कामाची गोष्ट. २०१३ मध्ये टार्गेट या अमेरिकेतल्या बड्या दुकान-साखळीतून सुमारे ४ कोटी क्रेडिट-डेबिट कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत कसे शिरले? टार्गेटचं रेफ्रिजरेशन आणि एसीचं काम करणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराचं लॉगिन चोरून! बिलं पाठवायला आणि कामाची नोंद ठेवायला त्या कंत्राटदाराला टार्गेटच्या सिस्टिममध्ये प्रवेश दिलेला होता. मोठ्या वाड्याला सात कुलपं, पण चावी गड्याच्या खिशात, आणि गड्याचा खिसा फाटका. तो छोटा कंत्राटदार उद्या तुम्ही असू शकता.

तुम्ही म्हणाल, "सर, आपल्याकडे कुठे घराघरात हीटिंग?" बरोबर. पण वायफायवाला गीझर आहे, एसी आहे, कॅमेरे आहेत. आणि छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर आहे, ज्याला वायफाय डोंगल लावून रोजची वीजनिर्मिती मोबाइलवर दिसते. सोलरच्या कामात किती मराठी मुलं उतरली आहेत, तुम्हाला माहीतच आहे. यातला एक जण मला अभिमानाने मोबाइल दाखवत होता, "सर, बघा, माझे सगळे कस्टमर एका ॲपमध्ये!" मी विचारलं, पासवर्ड काय आहे? तो हसला. सगळ्या घरांना एकच पासवर्ड, आणि तोही दुकानाच्या नावाचा. तीन पोरं कामाला होती, तिघांनाही पाठ. त्यातला एक काम सोडून गेला होता. पासवर्ड? तोच!

हा मुलगा लबाड नाही, मेहनती आहे. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून सांगतो, पहिल्या कामापासून एवढं करा:

१. अकाउंट कस्टमरच्या मोबाइल नंबरवर आणि ईमेलवर उघडा, पासवर्ड त्यालाच टाकू द्या. सर्व्हिससाठी तुम्हाला ॲक्सेस हवा असेल तर तो वेगळा घ्या, कस्टमरला सांगून घ्या, आणि काम संपलं की काढून टाका.

२. कंपनीकडून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. ब्रिटनने तर २९ एप्रिल २०२४ पासून असे सहज ओळखता येणारे, सरसकट एकच असलेले पासवर्ड घरगुती स्मार्ट उपकरणांवर देण्यास कायद्यानेच बंदी घातली आहे.

३. माल निवडताना डीलरला विचारा, या मॉडेलला सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार? उत्तर मिळालं नाही, तर स्वस्त असला तरी तो माल घेऊ नका.

४. इंटरनेट बंद पडलं तरी यंत्र हाताने चालू-बंद करता आलं पाहिजे. ते कस्टमरसमोर करून दाखवा.

५. कामगार सोडून गेला, की त्याच दिवशी त्याचे सगळे ॲक्सेस बंद करा.

"पण सर, याचे पैसे कोण देणार? कस्टमर तर रेट पाडून मागतो." या प्रश्नात दम आहे. बाजूचा दुकानदार यातलं काहीच न करता ५०० रुपये कमी घेतो, हेही मला ठाऊक आहे. तरी माझं मत बदलत नाही. रेटवर भांडलात तर तुमच्यापेक्षा स्वस्त देणारा रोज नवा उगवतो. पण "ताई, तुमच्या घराचा पासवर्ड आता फक्त तुमच्याकडे आहे, माझ्याकडेही नाही" हे वाक्य तो बोलू शकत नाही. तुम्ही बोलू शकता. कोटेशनमध्ये 'सुरक्षित सेटिंग व हस्तांतरण' अशी वेगळी ओळ टाका, समोर रक्कम लिहा. वर्षातून एकदा येऊन अपडेट आणि पासवर्ड तपासण्याचं काम एएमसीत धरा. एकदाच्या विक्रीचं गिऱ्हाईक असं दरवर्षीचं होतं.

आणि कायदाही मागे येतोच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड छोट्या दुकानाला होईल असं म्हणून मी घाबरवत नाही. पण वारं कुठल्या दिशेचं आहे, ते ओळखा.

आजचं काम छोटं आहे. मोबाइल उघडा आणि किती कस्टमरच्या घरांचा ॲक्सेस गरज नसताना तुमच्याकडे पडून आहे, ते मोजा. उद्या त्यातल्या पहिल्या घरी फोन लावा, "काका, तुमची एक चावी माझ्याकडे राहिली आहे, ती परत द्यायला येतोय." बघा, तो माणूस पुढचं काम कुणाला देतो ते!

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा वाढवा, आणि शब्द सांभाळा.