टाकीवरचा कागद

दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा एखादा कागद सापडावा आणि त्यावरून कळावे की, ज्या वाड्याच्या गोष्टी आपण पाहुण्यांना रंगवून सांगत आलो तो वाडा मुळी आपला नव्हताच. आजोबा तिथे भाडेकरू होते! अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कागद जपून ठेवा. दुसरा म्हणतो, बंबात घाला. मी पहिल्या पक्षाचा माणूस आहे. आज त्या पक्षाची बाजू मांडायची आहे, पण वाड्याच्या नव्हे, मोटारीच्या निमित्ताने.

अमेरिकेत शेव्हरोलेची कॉर्व्हेट नावाची स्पोर्ट्‌स गाडी १९५३ साली निघाली. पहिल्या वर्षी फ्लिंट गावी ३०० गाड्या झाल्या आणि त्या साऱ्या पांढऱ्या. पुढे हे काम सेंट लुईसच्या कारखान्यात गेले आणि १९८१ पर्यंत तिथे चालले. गिऱ्हाइकाने कोणते इंजिन मागितले, रेडिओ हवा की नको, गादी कसली, हे सारे संकेताक्षरांत छापलेला कागद कारखान्यात कामगारांच्या हाती असे. कागद वाचायचा आणि त्यात असेल ते बसवायचे. १९६७ च्या गाड्यांपासून असा एक कागद पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या अंगाला चिकटवला जाऊ लागला. टाकी गाडीखाली चढली की कागद नजरेआड झाला! तो वाचायचा तर सुटे चाक काढा, टाकीचे पट्टे सोडा आणि टाकी खाली उतरवा. शेव्हरोलेच्या इतर गाड्यांत असेच कागद गादीच्या स्प्रिंगांत अडकलेलेही सापडतात.

आता या चिटोऱ्याला एवढा मान का, ते ऐका. इंग्लंडात एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली या गाड्यांच्या कारखान्यांतल्या जुन्या खातेवह्या गेडनच्या मोटार संग्रहालयात आहेत. मालकाने विचारले की त्या पाहून दाखला मिळतो. सेंट लुईसच्या गाड्यांची अशी गाडीवार वही मालकाला मागून मिळत नाही. मग साक्षीदार कोण? टाकीवरचा तो कागद!

आणि साक्ष लाखमोलाची आहे. १९६७ साली २२,९४० कॉर्व्हेट झाल्या. त्यांपैकी एल-८८ हे शर्यतीचे इंजिन घेतलेल्या गाड्या अवघ्या २०. त्यांत हीटर नाही, रेडिओही नाही. चार माणसांनी सहलीला न्यावी अशी ती गाडीच नव्हे. नवी असताना उघड्या कॉर्व्हेटची मूळ किंमत सव्वाचार हजार डॉलरच्या आसपास होती आणि या इंजिनाचे वर साडेनऊशेच्या आत-बाहेर पडत. त्या वीसांतली एक गाडी २०१४ साली स्कॉट्‌सडेलच्या लिलावात साडेअडतीस लाख डॉलरला गेली.

जिथे एवढा गूळ, तिथे मुंगळे यायचेच. साध्या इंजिनाच्या ठोकळ्यावरचा क्रमांक घासून काढायचा, त्या जागी दुसरा ठोकायचा आणि टाकीवर नवा छापलेला कागद डकवून त्याला धूळ-तेल फासायचे. झाले, कालची सामान्य गाडी आज कुलीन झाली! या लबाडीला सगळेच नावे ठेवतात. मी वेगळे काय सांगणार?

माझे भांडण दुसऱ्या लबाडीशी आहे. ती सभ्य लोक करतात आणि तिला कोणी लबाडी म्हणत नाही. मालक मोठ्या आशेने टाकी उतरवतो. कागद निघतो, पण तो म्हणतो, ‘साधे इंजिन, नेहमीचा रंग.’ वर मात्र आज मोठे इंजिन बसलेले आहे आणि लाल रंग चमकतो आहे. मग कागद ‘खराब झाला होता, हात लावताच तुकडे झाले’ असे सांगण्यात येते. वाचकहो, खोटा कागद चिकटवणारा आणि खरा कागद नाहीसा करणारा, यांत मला काडीचाही फरक दिसत नाही. एक खोटी साक्ष उभी करतो, दुसरा खऱ्या साक्षीदाराचा गळा दाबतो.

‘गाडी माझी, कागद माझा,’ असे यावर उत्तर येते. गाडी तुमची, हे कबूल. रंग बदला, इंजिन बदला, हवी तशी पळवा. फक्त तसे सांगून करा. पण कागद तुमच्यासाठी लिहिलेलाच नव्हता. तो कामगारासाठी होता आणि आता उद्याच्या मालकासाठी आहे. तुम्ही मधले विश्वस्त. विश्वस्ताने तिजोरी आपली समजू नये.

‘कागदही चुकतात’ असा दुसरा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. गादीत सापडलेला कागद कधी कधी शेजारच्याच गाडीचा निघतो; कामगारांना काय ठाऊक की पन्नास वर्षांनी लोक भिंग घेऊन बसतील! पण यावरून कागद फेकावा असे ठरत नाही, तो पडताळावा असे ठरते. तो जागेवर असतानाच छायाचित्र घ्या, त्यावरचा क्रमांक गाडीशी ताडून पाहा, खरवडून काढण्याचा मोह टाळा आणि काही झाले तरी तो गाडीबरोबर पुढे द्या. कौतुकाचा कागद असेल तर हे कोणीही करील. कसोटी लागते ती नावडता कागद निघाल्यावर.

खरे सांगायचे तर साध्या गाडीचा साधा कागद मला अधिक प्यारा वाटतो. वीस गाड्यांची कीर्ती गाणारे पुष्कळ आहेत. उरलेल्या बावीस हजारांवर राबलेल्या हातांची साक्ष तेवढ्याच चिटोऱ्यांवर आहे आणि ती विकून कोणाला लाखो मिळायचे नाहीत. म्हणूनच ती आधी नष्ट होते.

आणि माळ्यावरच्या त्या कागदाचे काय? तो ठेवा. भाडेकरूच्या नातवालाही वाड्याच्या गोष्टी सांगता येतात, अगदी रंगवूनसुद्धा. फक्त ‘आमचा वाडा’ असे म्हणू नये. ‘आमचे आजोबा त्या वाड्यात राहत’ असे म्हणावे.