पुढची जागा कुणाला?

"बाबा, हे बोट घ्यायचं म्हणतायत," लेकीनं अटलांटाहून फोनवर सांगितलं तेव्हा शेजारी मेथी निवडत बसलेल्या हिचा हात थांबला. बोलली काही नाही. नुसता तो हात कमरेवर गेला. लेकीचं पुढचं बोलणं मला नीट ऐकूच आलं नाही.

मंडळी, त्या हातामागची गोष्ट आधी सांगतो, मग बोटीकडं वळतो.

लेक-जावई जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला राहतात. जावई धारवाडचा, कन्नड घरातला. नातवंडं हिला आजी म्हणतात आणि मला अज्जा, त्यामुळं दोन्ही घरं खूष. त्यांच्यापासून तासाभराच्या अंतरावर लेक लेनियर नावाचं मोठं तळं आहे. तळं कसलं, आपल्या हिडकलसारखा धरणाचा जलाशयच. चॅटाहूची नदीवर १९५० च्या दशकात बफर्ड धरण बांधलं, त्याचं हे पाणी. पसारा सुमारे ३८ हजार एकर. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी तिथं बोटींची जत्राच भरते.

२०२३ च्या जुलैत आम्ही तिकडं होतो. जावयानं एक दिवसासाठी डेक बोट भाड्यानं घेतली. मुलं-माणसं मिळून आम्ही नऊजण. बोटीचा पुढचा भाग दिवाणखान्यासारखा ऐसपैस, वर सोफ्याच्या गाद्या. मीच हिला म्हणालो, "तू पुढं बस, तळं छान दिसेल."

सकाळी पाणी आरशासारखं होतं. दुपारी मात्र मोठ्या बोटींच्या लाटा आडव्यातिडव्या उठू लागल्या. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात एका लाटेवर आमच्या बोटीचं तोंड वर उचललं गेलं आणि दाणकन खाली आपटलं. पोरं आनंदानं किंचाळली. ही "आई गं" म्हणाली, ते त्या कल्लोळात कुणालाच ऐकू आलं नाही. मलाही नाही. आणखी पाऊण तास आम्ही तसेच हिंडलो. रात्री हिला अंथरुणातून उठता येईना. एक्स-रेमध्ये कमरेचा एक मणका दबलेला निघाला. हाडं ठिसूळ झाल्याचं बेळगावच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मग तीन महिने पट्टा, परतीचं तिकीट पुढं. हिनं आजवर मला एकदाही बोल लावलेला नाही. "मीच बसले की," एवढंच म्हणते. तेच मला जास्त लागतं.

कारण मी आयुष्य उद्यमबागेत लेथ आणि मिलिंग मशीनवर काढलेलं. हादरा कुठं जन्मतो आणि कुठं पोचतो, हे कळणं हाच माझा धंदा होता. तो विचार बोटीत चढताना करायला हवा होता. म्हणून यंदा जावई म्हणाला, "मामा, या खेपेला तुम्हीच बघा," तेव्हा मी वही-पेन्सिल घेऊन बसलो.

कुटुंबासाठी तिकडं मुख्यतः तीन प्रकारच्या बोटी मिळतात. पहिली पाँटून. खाली अल्युमिनियमचे दोन लांब पोकळ नळे, वर सपाट फळी, भोवती कठडा. तराफ्याचा श्रीमंत भाऊ म्हणा. डुलत नाही, म्हाताऱ्या माणसांना चढायला-उतरायला सोपी. पण दोन नळ्यांची साधी पाँटून पोरांना वेगानं ओढायला कमी पडते. तीन नळे आणि मोठं इंजिन घेतलं तर तेही जमतं, खर्च मात्र वाढतो. दुसरी बोरायडर. हिचं तोंड निमुळतं, पाणी कापत जाते, खेळाला उत्तम. पण पुढं जेमतेम दोघं-तिघं मावतात. तिसरी डेक बोट. हिचा तळ बोरायडरसारखा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, पण वरचा भाग थेट नाकापर्यंत रुंद ठेवलेला. म्हणजे पाँटूनची जागा आणि बोरायडरचा वेग एकाच बोटीत. रुंदी बहुधा साडेआठ फुटांपर्यंत, कारण त्याहून रुंद बोट ट्रेलरवर घालून रस्त्यानं न्यायची तर खास परवाना लागतो.

आता गंमत अशी, की जी रुंदी जागा देते तीच आपटतेही. निमुळतं तोंड लाटेत सुरीसारखं शिरतं. रुंद तोंड लाटेवर परातीसारखं पडतं. बोटीच्या तळाचा व्ही मागच्या टोकाला किती अंशांचा आहे, हे कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. अंश जास्त तर लाट चांगली कापली जाते. अंश कमी तर उभी असताना बोट स्थिर राहते, कमी ताकदीत पाण्यावर उचलली जाते, पण खवळलेल्या पाण्यात हादरे देते. डेक बोटींत हा कोन साधारण १६ ते २० अंश असतो. खोल समुद्रात जाणाऱ्या बोटींत २१ ते २४ पर्यंत जातो. आम्ही भाड्यानं घेतलेल्या बोटीचा अंश कुणी विचारला होता?

दुसरी गोष्ट सी-सॉची. धावणारी बोट मागच्या भागावर टेकून पुढून वरखाली होते. त्यामुळं सगळ्यात मोठा झोका पुढच्या गादीवरच्या माणसाला, सगळ्यात लहान मागच्याला. म्हणजे मी हिला नेमक्या त्या जागी बसवलं होतं, जिथं बसायला सगळ्यात मऊ होतं आणि आदळायला सगळ्यात वाईट. पुढं जास्त माणसं बसली तर आणखी एक धोका असतो. वेग एकदम कमी केला की नाक खाली जातं आणि लाट सरळ आत येते.

आता माणसं किती घ्यायची? कन्नडमध्ये म्हणतात, हासिगे इद्दष्टु कालु चाचु. आपलं अंथरूण पाहून पाय पसरावे तेच. अमेरिकेत २० फुटांहून लहान मोटारबोटीवर किती माणसं आणि किती वजन चालेल याची पाटी कायद्यानं सक्तीची आहे. ढोबळ हिशेब असा: लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणा आणि १५ नं भागा. १८ फूट लांब, ८ फूट रुंद बोटीला उत्तर ९ च्या थोडं वर येतं, म्हणजे नऊच माणसं, तीही शांत पाण्यात. मोठ्या बोटीचा विक्रेता "बारा बसतात" म्हणेल. बसतात, हे खरं. पण शिदोरी, बर्फाची पेटी, ट्यूब, इंधन आणि आपली खात्यापित्या घरची वजनं धरून तीच बोट झटक्यात पाण्यावर उचलली जाते का, हे बघायचं. हा हिशेब आपल्याकडं किती महागात पडतो ते आपण पाहिलंय. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं.

नातवंडांची यादी वेगळीच होती. ट्यूब, स्की आणि वेकसर्फिंग. पहिल्या दोन्हींना आम्ही हो म्हटलं. तिसऱ्याला साफ नाही. वेकसर्फिंगमध्ये मुलगा बोटीच्या अगदी मागं, लाटेवर असतो, आणि नेहमीच्या डेक बोटीचा पंखा तिथंच उघडा फिरत असतो. त्या खेळाला पंखा बोटीच्या पोटाखाली असलेली वेगळी बोट लागते. धाकटा दोन दिवस रुसला. रुसू दे. ट्यूबसाठीचा दोर ५० ते ६५ फुटांचा, ट्यूबवर किती जण बसणार त्या ताकदीचा, आणि बोटीच्या मागच्या खालच्या कडीला बांधायचा. वेकबोर्डसाठी जी उंच कमान बसवतात तिला ट्यूब बांधायची नाही. ती त्या ओढीसाठी केलेली नसते. शिवाय चालवणाऱ्यानं पुढं बघायचं आणि दुसऱ्या मोठ्या माणसानं मागच्या पोरांवर डोळा ठेवायचा. जॉर्जियात त्यासाठी एकतर निरीक्षक लागतो, नाहीतर रुंद आरसा. आम्ही दोन्ही ठरवलं.

मग चाचणी. एक विक्रेता सकाळी आठ वाजता, फक्त दोघांना, दहा मिनिटं फिरवून आणतो म्हणाला. आम्ही म्हटलं, शनिवारी दुपारी दोन वाजता, सात माणसं. त्यानं नकार दिला. त्याचा नाद सोडला. दुसरा तयार झाला. ही येईल असं मला वाटलं नव्हतं. पण पट्टा बांधून, लाइफ जॅकेट घालून आली आणि जावयाला म्हणाली, "निधानक होगप्पा." तो म्हणाला, "हूं अत्ती." आधी सावकाश, मग थोडा वेग, मग दुसऱ्या बोटीची लाट तिरकी घेऊन. मधल्या खुर्चीत बसली, मागच्या बाकावर बसली, पाय टेकतात का, धरायला दांडा हाताशी येतो का, सगळं बघितलं. पुढच्या गादीवर मी बसलो. हिला जे झालं ते मला एकदा कळायला हवं होतं. दोन लाटांतच कळलं.

शेवटी २१ फुटी डेक बोट ठरली, तळाचा कोन २० अंश, मागं २०० अश्वशक्तीचं आउटबोर्ड. २४ फुटी आवडली होती, पण जावयाच्या गाडीला ती ओढणं जड गेलं असतं. आउटबोर्डमुळं आत जागा मोकळी मिळते आणि देखभाल सोपी पडते. बदल्यात मागची पोहणाऱ्यांची फळी दोन भागांत विभागली जाते. ते चालवून घेतलं. घरात फक्त आम्ही म्हातारे असतो, तर मी डोळे मिटून पाँटून घेतली असती.

बोटीच्या खुर्चीजवळ जावयानं एक कागद चिकटवला आहे. वर कन्नड, खाली मराठी. बोट धावत असताना पुढं कुणी बसायचं नाही. जॉर्जियात १३ वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत जॅकेट सक्तीचं आहे. आमच्यात ते सगळ्यांनाच. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली हवी. १ एप्रिल २०२१ पासून अशा बोटींना तो तिथला देशभरचा नियमच आहे. कुणी पाण्यातून वर चढत असेल तर इंजिन पूर्ण बंद. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसायचं नाही, कारण धुरातला विषारी वायू दिसत नाही की वास देत नाही. आणि शेवटची ओळ हिची: कुणी "आई गं" म्हटलं की आधी थांबायचं, मग विचारायचं.

पहिल्या रविवारी सगळे गेलो. ही मधल्या खुर्चीत, हात दांड्यावर. पोरांची ट्यूब झाली, स्की झाली, दोघंतिघं पडली, हसली. मग एका शांत खाडीत जावयानं इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला. धाकट्यानं हाक मारली, "आजी, आता पुढं ये."

ही माझ्याकडं न बघता उठली. कठडा धरत पुढं गेली, गादीवर टेकली, आणि पुढच्या शिडीवर पाय सोडून पाण्यात बुडवले. बराच वेळ बसली होती. मी मागंच बसून होतो. थोड्या वेळानं तिनं मान वळवून विचारलं, "तुम्ही येताय, की तिथूनच तळं दिसतंय?"