किटचा हिशेब लागला, जमिनीचा कधी लागणार?

मार्च संपला की लहानमोठ्या सामाजिक संस्थांच्या कचेऱ्यांत एकच घाई सुरू होते. पावत्या जुळवायच्या, ताळेबंद तपासनीसाकडे द्यायचा, वार्षिक अहवाल लिहायचा. मार्च-एप्रिल हा त्यांच्यासाठी हिशेबाचा हंगाम असतो. आंबेडकरी चळवळीसाठीही तो हिशेबाचाच हंगाम आहे. २० मार्चला महाडच्या सत्याग्रहाची आठवण, ११ एप्रिलला जोतीराव फुले यांची जयंती आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची. वर्षभर आपण काय केले आणि काय करायचे राहिले, हे विचारण्याची हीच वेळ असते.

आजच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात असाच एक हिशेब २०२१ च्या वसंतात मांडला गेला. तो नीट तपासलाच गेला नाही. महामारीचे पहिले वर्ष पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचे होते. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्री देश बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी पंचांगातला पाडवा होता. पुढच्या वर्षीचा पाडवा १३ एप्रिल २०२१ ला आला. त्याच दिवशी राज्य सरकारने नवे निर्बंध जाहीर केले आणि ते लागू झाले १४ एप्रिलच्या रात्री ८ वाजता, ऐन जयंतीच्या दिवशी. सलग दोन वर्षे समाजाने बाबासाहेबांना घरात राहून अभिवादन केले. आमचा समाज शिस्त पाळत नाही, असे उठता-बसता सांगणाऱ्यांनी ही दोन वर्षे लक्षात ठेवावीत.

या वर्षात जिल्ह्यातल्या लहान संस्थांनी काय केले, ते आधी मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. चार-पाच कार्यकर्ते, एक जुनी मोटारसायकल आणि भाड्याची खोली एवढ्यावर चालणाऱ्या या संस्था. सरकारी यंत्रणा जिथे उशिरा पोहोचली, तिथे यांचे कार्यकर्ते धान्याची पोती घेऊन आधी पोहोचले. बुद्ध विहारांतल्या तरुण मंडळांनी जयंतीची वर्गणी धान्यात घातली. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने भूकंपानंतरच्या काळापासून गावोगावच्या बायांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले आहे. आरोग्याची पहिली फळी गावातच उभी करावी लागते, ही त्यामागची समज किती खरी होती, ते या वर्षाने सिद्ध केले. कारण सरकारी व्यवस्था तोकडीच होती. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ मध्ये गेलेल्या या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. सुरुवातीला घशातल्या स्रावाचे नमुने तपासायला जिल्ह्याबाहेर धाडावे लागत. पुढे २०२० मध्ये तपासणीची प्रयोगशाळा उभी राहिली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या उस्मानाबाद उपकेंद्रात. ज्या नावासाठी मराठवाड्यातल्या आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या, त्या नावाच्या विद्यापीठाने संकटात साऱ्या जिल्ह्याचे नमुने तपासले. तेव्हा कोणी जात विचारली नाही. ही गोष्टही इतिहासात नोंदली गेली पाहिजे.

पण वर्षाच्या शेवटी या संस्थांनी अहवालात काय लिहिले? किती किट वाटले, किती मास्क शिवले, किती गावांत फवारणी केली. देणगीदार हेच विचारतो, म्हणून हेच लिहावे लागते. किट कोणाला द्यावे लागले आणि त्यांनाच का द्यावे लागले, हा रकाना मात्र कोणत्याच नमुन्यात नसतो. या वर्षाचा खरा धडा त्या नसलेल्या रकान्यातच दडलेला आहे.

धडा जिल्ह्याच्या मातीतलाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूरबरोबर उमरगा, लोहारा हा भागही उद्ध्वस्त केला. त्या पुनर्वसनातून प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था वाढली. या संस्थेने पुढे दुष्काळाच्या वर्षांत गावच्या बायांबरोबर 'एक एकर शेती'चा मार्ग काढला. घरच्या जमिनीतला एक एकर बाईने कसायचा, त्यात नगदी पिकाऐवजी ज्वारी, कडधान्ये, भाजीपाला घ्यायचा, रासायनिक खत टाळायचे आणि आधी घरचे ताट भरायचे. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या बायांनी हे काम गावोगाव नेले. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. २०२० च्या टाळेबंदीत आठवडे बाजार बंद पडले, तेव्हा या एकराची किंमत सगळ्यांना कळली. ज्या घरात बाईच्या हातात एकर होता, त्या घरात चूल पेटत राहिली. काही घरांनी शेजाऱ्यांनाही भाजी पुरवली.

हे काम चांगले आहे, यात वाद नाही. पण आंबेडकरी माणसाने इथे एक साधा प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या बाईच्या घरी एकरच नाही, तिने काय करायचे?

जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १६ टक्के आहे. देशपातळीवरही हे प्रमाण साधारण तेवढेच. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या एकूण वहितीखालच्या क्षेत्रापैकी ९ टक्केसुद्धा जमीन अनुसूचित जातींच्या हाती नाही. म्हणून आमची माणसे दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. टाळेबंदी लागली तेव्हा राज्यात एक लाखाहून अधिक ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात, पालांत अडकून पडले होते. १७ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. मधले तीन आठवडे त्यांनी कसे काढले, ते कोणत्याही ताळेबंदात आलेले नाही. गावी परतल्यावरही काही ठिकाणी वेशीबाहेरच थांबावे लागले. वेशीबाहेर राहण्याची सवय आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या लावलेलीच होती. त्या वर्षी तिला विलगीकरण हे नवे नाव मिळाले.

केंद्राने माणशी ५ किलो मोफत धान्य जाहीर केले, पण ते शिधापत्रिकेच्या यादीत नाव असलेल्यांनाच. जो सहा महिने गावाबाहेर असतो, त्याचेच नाव यादीतून गळते. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाच्या हप्त्यांना सवलत दिली, ती ३१ ऑगस्टला संपली. हप्ता थांबला, व्याज थांबले नाही. फायनान्स कंपनीचा माणूस पुन्हा दारात उभा राहिला, तेव्हा बचत गटातल्या बायांकडे विकायला जमीन नव्हती, गहाण ठेवायला डागही उरला नव्हता. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांच्याच वाट्याला किटची रांग आली. किट हा भुकेवरचा तात्पुरता उपाय होता. भुकेचे कारण जमीन नसणे हे आहे आणि त्या कारणाला जात आहे.

ही गोष्ट बाबासाहेबांनी याच जिल्ह्याच्या भूमीवर येऊन सांगितली होती. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ ला कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब तिथे स्वतः आले होते. त्याआधी १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडलेच होते. वतनाचा तुकडा आणि बलुत्याची भाकर यांच्या मोबदल्यात सारे गाव रात्रंदिवस राबवून घेते आणि माणूस मिंधा होतो, म्हणून ही व्यवस्था मोडली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. भाकर मिळते म्हणून वतन चांगले, असे म्हणणारे तेव्हाही होते. भाकरीबरोबर लाचारी येत असेल तर ती भाकर महाग पडते, हे बाबासाहेबांनी समाजाला पटवून दिले. आज देणगीदाराच्या फलकासमोर किट हातात धरून फोटो काढावा लागणाऱ्या बाईला कसबे तडवळ्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

याचा दोष लहान संस्थांच्या माथी मारून मोकळे होणे हा मात्र आमच्या चळवळीतला जुना रोग आहे. 'एनजीओवाला' ही शिवी देण्याआधी त्यांचा गळा कोणी आवळला, ते पाहा. २८ मार्च २०२० रोजी केंद्राने पीएम केअर्समधील देणगी कंपन्यांच्या सामाजिक दायित्वात धरली जाईल असे जाहीर केले. मुख्यमंत्री साहाय्यता निधीतली देणगी तशी धरली जाणार नाही, असे १० एप्रिलला सांगितले. जो पैसा जिल्ह्यातल्या कामाला येऊ शकला असता, त्याचा ओघ दिल्लीकडे वळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परदेशी निधीचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेने असा निधी लहान संस्थेला देण्यास बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. म्हणजे कार्यकर्त्यांच्या मानधनालाच कात्री लागली. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्था वकील आणि हिशेबनीस लावून तरल्या. गावपातळीवर, वस्तीतच राहून काम करणारी संस्था मात्र यात भरडली गेली. ज्या वर्षी तिची गरज सर्वाधिक होती, त्याच वर्षी तिचा श्वास कोंडला गेला. पैसा देणाऱ्याच्या हातात दोरी असते, हे या वर्षाने लख्ख दाखवले.

मग लहान संस्थेने आणि चळवळीने काय करावे? उत्तर शोधायला परदेशात जायला नको. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभा हीसुद्धा नोंदणी झालेली एक लहान संस्थाच होती. तिच्याकडेही पैसा थोडाच होता. तो तिने कशात घातला? आपल्या शेजारच्या सोलापुरात १९२५ मध्ये तिने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. वाचनालये आणि शिक्षण यांवर भर दिला. दया वाटण्यापेक्षा हक्क मागणारी माणसे घडवणे, हा त्या संस्थेचा ताळेबंद होता. तो काळ १९२७ च्या महाडपर्यंत जाऊन पोहोचला. संस्था आणि चळवळ यांत तेव्हा भांडण नव्हते. संस्था माणसे घडवत होती, ती माणसे चळवळ चालवत होती.

हाच कस आजच्या अहवालांना लावला पाहिजे. महामारीचे वर्ष सरून पाच वर्षे उलटली, पण प्रश्न जिथल्या तिथे आहेत. म्हणून धाराशिवच्या आठही तालुक्यांतल्या संस्थांनी आणि आपल्या शाखांनी येत्या वसंतात हिशेबाच्या वहीत चार नवे रकाने घालावेत.

पहिला रकाना शिधापत्रिकेचा. किट घेतलेल्या किती कुटुंबांची नावे नंतर यादीत आली? ज्याचे नाव लागले, त्याला पुढच्या संकटात रांगेत उभे राहावे लागणार नाही.

दुसरा रकाना गायरानाचा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह लढवले. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानातून मराठवाड्यात तीच वाट पुढे नेली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ही तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या प्रारंभाची आहे. तरीही कित्येकांच्या नावे अजून सातबारा नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानधारकांना नोटिसा आल्या, तेव्हा ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांची झोप उडाली. गाव नमुना १-ई ची नक्कल काढणे, दंडाच्या जुन्या पावत्या, पीकपाण्याच्या नोंदी जपणे हे काम एक कार्यकर्ता वर्षभरात पाच गावांत करू शकतो. त्याला देणगीदार लागत नाही, चिकाटी लागते.

तिसरा रकाना दादासाहेब गायकवाडांच्याच नावाने २००४ पासून चालणाऱ्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेचा. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देणारी ही योजना आहे. सरकारी दराने जमीन विकायला कोणी तयार नाही, असे सांगून अर्ज धूळ खात पडतात. आपल्या गावातून किती अर्ज गेले आणि किती परत आले, हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर सरकारला जाब कसा विचारणार? एक एकर शेतीचा धडा खरा व्हायचा तर आधी या बाईच्या नावे तो एकर आला पाहिजे.

चौथा रकाना कोयत्याचा. गावातून किती जोड्या गेल्या, कोणत्या कारखान्याला गेल्या, मुकादमाची उचल किती, ग्रामसेवकाकडून ओळखपत्र मिळाले का, मागे राहिलेली लेकरे कोणाकडे आहेत, याची वही विहारात असली पाहिजे. २०२० मध्ये अशी वही असती, तर अडकलेली माणसे शोधायला फोन फिरवत बसावे लागले नसते.

आणि या सगळ्यासाठी समाजाचा स्वतःचा पैसा हवा. नोकरदार वर्गाने जयंतीच्या डॉल्बीवर आणि कमानीवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग बाजूला काढला, तर तालुक्याला एक पूर्णवेळ कार्यकर्ता सहज पोसता येईल. त्याच्या मानधनावर दिल्लीच्या कायद्याची कात्री चालणार नाही आणि त्याच्या अहवालावर कोणत्या कंपनीचे बोधचिन्ह नसेल. आपल्या पैशाने उभा राहिलेला कार्यकर्ता तहसीलदारासमोर ताठ मानेने बोलतो, हे आपण पाहिलेले आहे.

संकटे पुन्हा येणार आहेत. दुष्काळ तर या जिल्ह्याच्या पाचवीलाच पुजलेला आहे. त्या वेळी आमची माणसे पुन्हा किटच्या रांगेत दिसली, तर दोष रोगाचा नसेल, तो आमच्या हिशेबाचा असेल. या १४ एप्रिलला प्रत्येक गावातल्या विहारात हार घालून झाल्यावर ही चार रकान्यांची वही उघडा. तिच्यात पडणारी एकेक नोंद हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.