वेगाच्या एका आकड्याची भूल

यंत्रे आली आणि खेळाचा प्राण गेला, अशी ओरड अमेरिकेतले जुने बेसबॉलप्रेमी गेली काही वर्षे करीत आहेत. एखाद्या पिचरचे कोपर निकामी झाले की शिव्या संगणकाला, चांगला चाललेला पिचर मध्येच काढला की शिव्या पुन्हा संगणकालाच. आपल्यालाही हा सूर अनोळखी नाही. पण माझे म्हणणे असे की, आकडे फार वाचले म्हणून हे बिघडलेले नाही. सगळे आकडे समोर असताना एकाच आकड्याची पूजा मांडली म्हणून बिघडले आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. बेसबॉलमधला पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो आणि चेंडू टप्पा खात नाही. खेळपट्टीची मदत नाही, गवत नाही, भेगा नाहीत. जे काही करायचे ते हवेत, आणि तेही अर्ध्या सेकंदाच्या आत. मग पिचर चांगला की वाईट हे ठरवायचे कसे?

जुनी मंडळी सांगत, किती सामने जिंकले ते बघा. आता २०१८ चा जेकब डीग्रॉम घ्या. विजय १०, पराभव ९. या हिशेबाने माणूस बेताचाच. पण दर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी होती १.७०! त्याच्या संघाचे फलंदाज धावा काढीत नव्हते, यात त्याचा काय दोष? त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. तेव्हा ‘आमच्या वेळी आकडे नव्हते, नजर होती’ हे काही खरे नाही. आकडे तेव्हाही होतेच, फक्त दुसऱ्याच्या पापाचा भार पिचरच्या डोक्यावर घालणारे होते.

चेंडूचाच माग काढायला सुरुवात झाली २००६ च्या अखेरच्या सामन्यांपासून. २००८ पर्यंत पिचएफएक्स नावाची कॅमेऱ्यांची व्यवस्था सगळ्या मोठ्या मैदानांवर बसली. २०१५ मध्ये स्टॅटकास्ट आले, आणि २०२० पासून त्यासाठी हॉक-आय वापरात आहे. होय, तेच हॉक-आय, जे २००१ मध्ये इंग्लंडात क्रिकेटच्या प्रक्षेपणात पहिल्यांदा दिसले आणि ज्याच्यावरून आपण पायचीतची भांडणे करतो. चेंडू हातातून कुठे सुटला, किती वेगाने गेला, मिनिटाला किती फिरक्या घेतल्या, किती वळला, किती पडला आणि शेवटी कुठे पोचला, हे सारे आज प्रत्येक चेंडूमागे नोंदले जाते.

याचा उपयोग काय, ते गेरिट कोलच्या उदाहरणावरून समजते. २०१७ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळताना त्याची सरासरी होती ४.२६. त्या संघाचा आग्रह असे की चेंडू खाली ठेवा, फलंदाजाला जमिनीवरून मारायला लावा. २०१८ च्या जानेवारीत ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने त्याला घेतले. वेग दोन्ही वर्षी ९६ मैलांच्या आसपासच. पण नव्या संघाने बाकीचे आकडे वाचले होते. कोलच्या सरळ वेगवान चेंडूला उलटी फिरकी भरपूर होती. असा चेंडू फलंदाजाच्या अपेक्षेपेक्षा कमी पडतो, त्यामुळे छातीच्या उंचीवर टाकला की बॅट त्याच्या खालून जाते. मग त्याने खाली पडणारा सिंकर कमी केला आणि सरळ चेंडू वर टाकायला सुरुवात केली. सरासरी २.८८ वर आली, आणि २०१९ मध्ये २.५० सरासरीसह ३२६ फलंदाज स्ट्राइकआउट! माणूस तोच, हात तोच, वेगही जवळपास तोच. खेळाचा प्राण जातो तो असा?

दुसऱ्या टोकाला शिकागो कब्जचा काइल हेंड्रिक्स पाहा. त्याचा वेगवान चेंडू सरासरी ८८ मैलांच्या आतबाहेरचा, म्हणजे मोठ्या लीगमध्ये जवळजवळ चेष्टेचा विषय. तरी २०१६ मध्ये संपूर्ण लीगमध्ये सर्वांत कमी सरासरी त्याचीच, २.१३. चेंडू कडेकडेला ठेवायचा आणि मंद चेंडूही वेगवान चेंडूसारखाच दिसेल असा सोडायचा, एवढ्यावर त्याने दिग्गजांना गुंडाळले. केवळ वेगाची पाटी पाहणाऱ्याला हेंड्रिक्स कधीच कळला नसता.

आणि वेगाची पाटी पाहून काय होते, हे आपल्या देशानेही पाहिले आहे. २००८ मध्ये भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा झाली. वेगाने आणि नेमका चेंडू फेकणाऱ्याचा शोध. भालाफेकीतून आलेल्या रिंकू सिंगने ८७ मैलांचा चेंडू टाकून एक लाख डॉलर जिंकले, आणि त्याला व दिनेश पटेलला पायरेट्सने करारबद्धही केले. दोघांच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण मोठ्या लीगपर्यंत दोघांपैकी कोणीही पोचले नाही. चेंडूला वळवणे, फसवणे, वर्षानुवर्षे हातात मुरवणे हे वेग मोजणाऱ्या बंदुकीत दिसत नाही. सिनेमा मात्र निघाला, २०१४ मध्ये.

आता विरोधकांच्या सर्वांत जड मुद्द्याकडे येतो, कारण तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००८ मध्ये सरळ वेगवान चेंडूचा सरासरी वेग ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला की शरीरातला दुसरा स्नायुबंध काढून तिथे बसवतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. आज ती नेहमीची होऊन बसली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने स्वतःच अहवाल काढून सांगितले की, वेगाचा हव्यास, वळणाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकणे ही दुखापतींची मुख्य कारणे आहेत. शाळकरी मुलेही याच फेऱ्यात सापडली आहेत. म्हणजे आकडेवाले अगदीच निर्दोष नाहीत, हे मान्य.

पण उपाय काय? कॅमेरे फोडायचे? २०२१ च्या जूनमध्ये चेंडूला चिकट पदार्थ लावणाऱ्यांवर पंचांची तपासणी सुरू होणार अशी बातमी येताच लीगभर फिरकीचे आकडे खाली घसरले. वर्षानुवर्षे डोळ्यांदेखत चाललेली लबाडी कोणाच्या ‘नजरेने’ नव्हे, याच आकड्यांनी उघडी पाडली. चेंडू सुटण्याची जागा बदलू लागली, वेग हळूहळू उतरू लागला, तर हात थकल्याची कुणकुणही तिथेच लागू शकते. प्रश्न आहे तो वाचणाऱ्याच्या नियतीचा. चेंडूची किंमत मोजायची आणि हाताची किंमत खात्यातच धरायची नाही, याला विश्लेषण म्हणत नाहीत, वसुली म्हणतात.

त्याच गेरिट कोलच्या कोपरावर २०२५ च्या मार्चमध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा तो सबंध हंगाम बुडाला. त्याच्याकडे निदान साय यंग पुरस्कार आहे, कोट्यवधींचा करार आहे. वेगाच्या आकड्यासाठी पंधराव्या वर्षी कोपर गमावणाऱ्या मुलाकडे काय असते? त्याच्या प्रशिक्षकाला आणि बापाला माझे एवढेच सांगणे आहे, की पोराने किती मैलांनी टाकला हे विचारायच्या आधी, चेंडू कुठे पडला आणि हात दुखतो का, हे विचारा.