हिरव्या चौकोनांची परीक्षा

सॉफ्टवेअरच्या मुलाखती घेणाऱ्या काही मंडळींनी अलीकडे एक दंडक घातला आहे. नोकरीत दिवसभर काय केलंत ते राहू द्या, घरी रात्री बसून स्वतःचं काय रचलंत ते दाखवा. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर रोजच्या कामाची नोंद दाखवणारे हिरवे चौकोन भरगच्च असतील तर उमेदवार अस्सल, कोरे असतील तर पोटार्थी. थोर सॉफ्टवेअर फावल्या वेळातच जन्मतं, हा त्यांचा सिद्धांत आणि पायथन ही संगणकभाषा त्यांचा लाडका दाखला.

तोच दाखला तपासू. गिडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या नाताळात, ऑफिस बंद असताना, घरच्या संगणकावर पायथन लिहायला घेतली, हे खरं. पण त्याआधीची वर्षं ही मंडळी गिळून टाकतात. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत रॉसम पगारी नोकरीत होते. तिथे एबीसी नावाच्या भाषेवर त्यांनी काम केलं होतं. कोडच्या ओळी आत सरकवून त्यांचे गट पाडण्याची पायथनची पद्धत तिथूनच आली. पुढे अमीबा या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करताना सी आणि शेल यांच्या मधली एखादी भाषा हवी, ही नड त्यांना जाणवली. सुट्टी लागली तेव्हा प्रश्नही हाताशी होता आणि तो सोडवण्याची तयारीही. ही तयारी नोकरीने करून घेतली होती. नाताळच्या आठवड्याला सगळं श्रेय देणाऱ्याने आधीच्या वर्षांचा हिशेब आधी द्यावा.

आणि गिटहब ज्यावर उभं आहे ते गिट? लिनक्सच्या कोडमधले बदल नोंदवायला वापरात असलेल्या बिटकीपरची मोफत सवलत २००५ साली गेली, काम अडलं, म्हणून लिनस टोरवाल्ड्स यांनी ते लिहिलं. तेव्हा लिनक्स हीच त्यांची पूर्णवेळ पगारी नोकरी होती. ज्या गिटहबवर हे चौकोन मोजले जातात, त्याचा पायाच दिवसाच्या कामात घातला गेला आहे!

बाकीचे आक्षेप थोडक्यात. नोकरीत लिहिलेला कोड १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. तो उमेदवाराने चव्हाट्यावर मांडायचा कसा? हिंजवडीहून घरी पोचून स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास उरकणाऱ्या बाईने चौकोन कधी भरायचे?

कामाऐवजी भलत्याच गोष्टीवरून माणूस जोखण्याचा हा हट्ट जुनाच आहे. पूर्वी अशाच मुलाखतींत मॅनहोलचं झाकण गोल का, असं विचारत. त्या कोड्यांनीही कामाची पारख झाली नाही.

मग करावं काय? उमेदवारापुढे दोनशे ओळींचा अनोळखी कोड ठेवा, त्यातली चूक शोधायला सांगा आणि तो विचार कसा करतो ते ऐका. बंद पडलेली सिस्टिम त्याने कशी उभी केली, ते विचारा. घरचा प्रोजेक्ट ज्याला हवा त्याने मनापासून करावा, वाटलं तर अर्धवट सोडावा. त्या आनंदावर मुलाखतकाराचा हक्क नाही. नोकरी देताना माणसाचं नोकरीतलं काम बघा.