दसरा काढताना

महाळ उरकला की आमच्या भागात घरोघरी दसरा काढतात. पुण्यामुंबईकडच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात. दसरा येतो, तो काढतात कसा? एकदा घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे राहायला या, म्हणजे कळेल! गोधड्या, पडदे, उशांचे अभ्रे, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी, सगळं अंगणात येतं. पूर्वी बायका गाठोडी घेऊन मांजरेवर नाहीतर कारंजावर जायच्या. आता मशीन आहे. पण आमच्या सासूबाईंच्या हातची जाड कौदी एकदा मशीनमध्ये घातली, तेव्हा ते मशीन जे कण्हू लागलं ते मेकॅनिक येईपर्यंत थांबलं नाही.

आमच्या घरात आवरायची पद्धत कन्नड आहे. अंगणात तीन ढीग करायचे: बेकू, ब्याड आणि इर्ली. हवं, नको आणि असू दे. पहिले दोन ढीग छोटेच राहतात. ‘इर्ली बिडू’ म्हणत सासूबाई एकेक वस्तू तिसऱ्या ढिगात टाकतात आणि संध्याकाळी तो ढीग होता तसा माळ्यावर परत जातो. कान तुटलेली कढई, किल्ली हरवलेलं कुलूप, बंद पडलेला रेडिओ. दरवर्षी ह्यांची हवापालट होते, एवढंच.

मुलगी बंगळूरला असते. तिनं मागे मला जपानच्या मारी कोंडो बाईंचं पुस्तक आणून दिलं. त्यांचं म्हणणं असं की वस्तू हातात घ्यावी, मनाला आनंद झाला तर ठेवावी, नाहीतर आभार मानून निरोप द्यावा. वाचायला छान वाटलं. (तिसरं मूल झाल्यावर आपलंही घर पूर्वीसारखं आवरलेलं राहत नाही, हे बाईंनी २०२३ मध्ये कबूल केलं, तेव्हा त्या मला जास्त आवडल्या.) साड्यांच्या कपाटाला ही युक्ती चालते. बोहारणीला आठ साड्या देऊन मी स्टीलचं पातेलं घेतलं आणि कपाटाचं दार लागू लागलं. पण घरात अशाही वस्तू असतात, ज्या हातात घेऊन कुणालाच आनंद होत नाही. पिवळे पडलेले, कसर लागलेले, वाचता न येणारे कागद, उदाहरणार्थ.

आमच्या आजेसासऱ्यांची पत्र्याची एक ट्रंक होती. २०११ साली धाकट्या दिरांच्या लग्नाआधी घर रंगवायचं होतं. ट्रंक उघडली तर आत उर्दूतले कागद, काही मोडीतले, आणि वाळवीची माती. घरात दोन्ही लिप्या कुणाला येत नव्हत्या. तारखा पाहिल्या तर सन तेराशे अमुक! मी एम. ए. झालेली बाई, कॉलेजात शिकवणारी; पण हा आकडा काय आहे, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. सासूबाई ‘इर्ली’ म्हणाल्या होत्या. मी ऐकलं नाही. ट्रंक धुऊन पुसून त्यात रजया ठेवल्या आणि कागद रद्दीवाल्याला वजनावर दिले.

२ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारनं हैदराबाद गॅझेटचा निर्णय काढला. आठवड्याभरात निलंग्याच्या चुलत दिरांचा फोन आला. ‘वहिनी, आजोबांची ती पत्र्याची ट्रंक आहे ना अजून? पोरीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा शोधतोय. शेतीचे सगळे कागद त्यातच असायचे.’ मी म्हटलं, ‘ट्रंक आहे, भाऊजी.’ पुढचं वाक्य बोलायला मला वेळ लागला. त्यांनी रागाचा शब्द काढला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

सीमाभागातल्या घरांत हा प्रश्न का येतो, हे जरा सांगायला हवं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला बीदर जिल्हा हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुकेही बीदर जिल्ह्यातच. राज्यं भाषेवर वाटली गेली, तेव्हा ते तालुके तिकडे गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण इकडे राहिले. भाऊभाऊ दोन राज्यांत, आणि ट्रंक मात्र एकाच घरात. त्यामुळे निलंग्याच्या नातीचा पुरावा भालकीच्या माळ्यावर असू शकतो. इकडच्यांनाही कागद लागतातच. घटनेचं ३७१ (जे) कलम लागू झाल्यापासून आपल्या मुलांना कॉलेजातल्या आणि नोकरीतल्या राखीव जागांसाठी स्थानिक असल्याचा दाखला काढावा लागतो. त्यासाठी जन्माचा, शाळेचा, राहण्याचा पुरावा शोधत पालक माझ्याकडे स्टाफरूममध्ये येतात, आणि दहातले चारजण तरी म्हणतात, ‘होता हो मॅडम, मागच्या दसऱ्याला टाकला.’

तो तेराशेचा आकडा म्हणजे फसली सन, हे मला आता कळलं. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. १३५० म्हणजे १९४० च्या आसपास. असा कागद सापडला तर दुमडू नका, चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. जुना कागद त्यात कायमचा अडकतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. सावलीत वारा द्यावा, मऊ ब्रशनं झटकावा, स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून ठेवावा. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून भावंडांना पाठवावेत. उर्दू वाचणारे बीदर-कलबुर्गीत गल्लोगल्ली आहेत. मोडी वाचणारे मात्र शोधावे लागतात.

भांड्यांबद्दल एकच सांगते. घरात जुनं बिदरीचं पानदान किंवा सुरई असेल तर चिंच-राख लावून घासू नका. जस्त आणि तांब्याच्या ह्या भांड्याचं काळेपण मळ नव्हे. बीदरच्या किल्ल्यातल्या मातीनं मुद्दाम आणलेला तो रंग आहे. त्यावरच चांदीची नक्षी उठून दिसते. कोरड्या कपड्यानं पुसावं, खोबरेल तेलाचा हात फिरवावा, बस्स. शेजारच्या वैनींनी एका दुपारी सासऱ्यांचं पानदान ‘लख्ख’ केलं. आता ते जस्ताच्या डबीसारखं दिसतं.

असो. फोननंतरच्या रविवारी मी आणि सासूबाईंनी माळा पुन्हा खाली उतरवला. ‘इर्ली’चा ढीग प्रथमच मी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिला. रेडिओच्या पाठीमागे, जुन्या पंचांगात घडी घालून ठेवलेले दोन कागद निघाले. ते कुणी तिथे ठेवले, हे सासूबाईंना विचारलं तर त्या कौदीला टाका घालत बसल्या, बोलल्या नाहीत.

कोपऱ्यावरच्या निवृत्त उर्दू शिक्षकांकडे ते घेऊन गेले. चष्मा लावून त्यांनी पहिला वाचला. १३५१ फसलीत आजेसासऱ्यांनी बैलजोडी घेतल्याची पावती होती ती. दुसऱ्याची शाई फार पुसट झाली आहे. दिवसाच्या उजेडात पाहतो म्हणाले. निलंग्याहून भाऊजींचा दोनदा फोन येऊन गेला.